लिटरमागे सातशे पंधरा

माझी मामेबहीण माझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी. फक्त अकरा! तरी तिला ताई म्हणायचं, असा आईचा हुकूम. मामा-मामीची बदली वर्षाच्या मधेच झाली, तिची अकरावी बुडायला नको, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. माझ्या खोलीत. कपाटाचे वरचे दोन कप्पे तिला गेले, खिडकीकडची बाजू तिला गेली, आणि मी हूं की चूं केलं नाही. खरंच सांगते, कप्प्यांचं मला काही नव्हतं. माझा जीव जळायला लागला तो शेडमध्ये.

शेड म्हणजे घरामागची पत्र्याची लांब खोली. आई तिथे इंजिनांची चाचणी करते. छोटी इंजिनं असतात, पंपाची, जनरेटरची, गवत कापायच्या यंत्रांची. बनवणारे आणून देतात, आई ती लोखंडी बैठकीवर घट्ट आवळून बसवते, चालवते, आणि तासाला किती पेट्रोल पितात ते कागदावर लिहून खाली सही करते. त्या सहीसाठी लोक दोन-दोन तास गाडी हाकत येतात. बाबा म्हणतात, "या घरात खरी सही एकच, माझी आपली हजेरीपुस्तकापुरती."

तर आई पेट्रोल मापाने मोजत नाही, वजनाने मोजते. पेट्रोलचा कॅन वजनकाट्यावर ठेवायचा, त्यातून नळी इंजिनाला, आणि स्टॉपवॉच सुरू. दहा मिनिटांत जितकं वजन उतरलं तितकं पेट्रोल गेलं. कारण पेट्रोल गरम झालं की फुगतं, गार झालं की आक्रसतं, वजन मात्र होतं तेवढंच राहतं. पण गिऱ्हाइकाला ग्रॅमशी काय देणंघेणं? त्याची टाकी लिटरची. म्हणून शेवटी ग्रॅमचे लिटर करावेच लागतात, आणि त्यासाठी एकच गोष्ट ठाऊक लागते: आज, या घडीला, या पिंपातलं एक लिटर पेट्रोल किती ग्रॅम भरतं.

ती एक गोष्ट माझी होती!

सातवीपासून माझी. शाळेत जाण्याआधी पिंपातलं पेट्रोल उंच काचेच्या भांड्यात काढायचं आणि त्यात कांडी सोडायची. कांडी म्हणजे खाली फुगीर, वर बारीक अशी काचेची नळी, आकडे लिहिलेली. ती उभी तरंगते. पेट्रोल जड असेल तर वर राहते, हलकं असेल तर खोल जाते. पेट्रोलची पातळी जिथे कांडीला टेकते तो आकडा. तो आधी ओरडायचा, मग दारामागच्या फळ्यावर लिहायचा. आधी ओरडायचा, हा शेडचा नियम, कारण लिहीपर्यंत माणूस विसरतं किंवा मनात काहीतरी गोल करून टाकतं. "सातशे बेचाळीस!" मी ओरडायचे. आई बैठकीखाली आडवी पडलेली असली तरी तिथून, "सातशे बेचाळीस, ऐकलं!" असं यायचं. आमचं दिवसातलं पहिलं बोलणं ते. इतर लोक गुड मॉर्निंग म्हणत असतील.

ताई आली आणि पंधरा दिवस माझ्या शेजारी उभी राहून रोज आकडा वहीत टिपत गेली. सोबत थर्मामीटर. मला वाटलं, करमत नाही बिचारीला. सोळाव्या दिवशी तिने एक तक्ता आणला. इतकं तापमान असेल तर लिटरमागे इतके ग्रॅम, अर्ध्या-अर्ध्या अंशाला, पट्टीने आखलेला, लाल रेघांचा.

"आत्या, आता रोज कांडी बुडवायला नको. नुसता थर्मामीटर बघायचा आणि इथे आकडा वाचायचा."

आईने हात पुसले, चष्मा वर केला, तक्ता दोनदा वाचला. मग म्हणाली, "प्रोफेसरच आहेस गं तू!"

मला आई भिंगरी म्हणते. भिंगरी आणि प्रोफेसर. तुम्हीच सांगा कोण वरचं.

तक्ता भिंतीवर लागला. कांडी कापसात गुंडाळून डब्यात गेली, "काचेची वस्तू, उगाच रोज कशाला हाताळायची." आणि माझ्या सकाळी मोकळ्या झाल्या. बाबा म्हणाले, "बरं झालं, आता वेळेत शाळेत जाशील." मी अर्धा कप चहा तसाच सोडून उठले.

आता मूळ मुद्दा. अहवालाच्या कागदावर शेवटी दोन ओळी असतात. वरची 'मोजणी', खालची 'तपासणी'. दोन्हींवर आजवर आईच सही करत आली. पण आईने मला कबूल केलं होतं, पंधरा पूर्ण झाली की मोजणीची ओळ तुझी. मी गेल्या महिन्यात पंधरा पूर्ण केली. सहीचा सराव वहीच्या मागच्या सहा पानांवर केला. या वर्षी मी तशी बदललेच आहे. पूर्वी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचे, आता वर्गात हात वर करते, उत्तर चुकलं तरी परत करते. म्हटलं, आता आपलं नावही कुठेतरी लागू दे.

आणि नेमकी मोठी चाचणी आली. आगीच्या बंबांना लागणारे पंप बनवणारे एक काका आहेत, आम्ही त्यांना पंपवाले म्हणतो. त्यांच्या नव्या पंपाची टाकी वीस लिटरची. अट अशी, की एकदा भरली की पंप पूर्ण तीन तास चालला पाहिजे. मिनिट कमी नाही. आग काही टाकी भरेपर्यंत थांबत नाही.

आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, "भिंगरे, उद्याची मोजणी प्रोफेसरला करू दे. ती वर्षभरच आहे आपल्याकडे. तू काय, घरचीच."

घरचीच! म्हणजे कधीही घ्या, कधीही बाजूला ठेवा. मी "बरं" म्हणाले. इतक्या गोड आवाजात म्हणाले की बाबांनी पेपरावरून माझ्याकडे पाहिलं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेले. मला चूक शोधायची नव्हती, शपथ. मला फक्त कांडी हातात घ्यायची होती. आदल्याच दिवशी नवीन पिंप आलं होतं, दुसऱ्या डेपोतून, कारण नेहमीच्या डेपोत माल संपला होता. झाकण उघडलं, भांडं भरलं, कांडी सोडली.

कांडी बुडाली. म्हणजे बुडायचीच थांबेना! नेहमीचे आकडे पेट्रोलच्या खाली गेले आणि ती सावकाश डोलत थांबली. सातशे पंधरा. मी थर्मामीटर पाहिला, सव्वीस अंश. तक्ता सव्वीसला म्हणत होता सातशे चाळीस. मी भांडं ओतलं, परत भरलं, परत सोडली. सातशे पंधरा. तिसऱ्यांदाही तेच.

हे पेट्रोलच वेगळं होतं. हलकं. आणि ताईचा लाल रेघांचा तक्ता होता जुन्या पिंपाचा!

मला जे वाटलं ते मी लपवत नाही. मला इतका आनंद झाला की मी भांडं छातीशी धरून एक गिरकी घेतली. पेट्रोल भरलेलं भांडं. भिंगरी नाव उगाच नाही पडलं.

ओरडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मागून आईचा आवाज. "काय गं, इथे काय करतेस? शाळा नाही का?"

"आज दुसऱ्या शनिवारची सुट्टी."

"मग? काही हवंय?"

आई दारात उभी, केस वर बांधलेले, तोंडात पेन्सिल. माझ्या जिभेवर आकडा तयार होता. तीन शब्दही नाहीत.

"काही नाही," मी म्हणाले. "सहज." आणि आई वळताच कांडी परत कापसात गुंडाळून डब्यात ठेवली.

पंपवाले दहाला आले. नवीन शर्ट, आणि सोबत बिस्किटांचा पुडा. "मॅडम, आज पास करून टाका बघा. बंबवाले रोज फोन करून कान खातायत."

"मी कोण पास करणारी? काटा करेल," आई म्हणाली. "आज मोजणी माझी भाची करतेय."

"वा वा! आणि ही?"

"ही बघायला आलीय," ताईच म्हणाली, हसून. चांगल्या मनाने म्हणाली असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

इंजिन सुरू झालं. पत्रे थरथरायला लागले. ताईने स्टॉपवॉच दाबलं. ती काट्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद. मी ते सगळे मोजले, आणि त्यातल्या प्रत्येकात मला सांगता आलं असतं. ताईच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता, तो पुसायलाही तिने हात हलवला नाही. मला वाटलं, आई माझ्याकडे असं कधी बघते का, जशी आत्ता तिच्याकडे बघतेय? भुवया वर, ओठ दाबलेले, अभिमान पोटात मावत नसल्यासारखी.

"आठशे ग्रॅम," ताई म्हणाली. इंजिन बंद झालं आणि कानात एकदम शांतता भरली. ती पेन्सिलने लिहीत मोठ्याने बोलत गेली. "दहा मिनिटांत आठशे, म्हणजे तासाला चार हजार आठशे ग्रॅम. पेट्रोल सव्वीस अंश, तक्त्यात सातशे चाळीस. चार हजार आठशे भागिले सातशे चाळीस, सहा पूर्णांक एकोणपन्नास लिटर तासाला. वीस लिटर पुरेल..." ती थांबली, खालचा भागाकार परत पाहिला. "तीन तास पाच मिनिटं!"

"पाच मिनिटं वर!" पंपवाल्यांनी टाळीच वाजवली. "मॅडम, भाची हुशार हो!"

आईने कागद पुढे केला. ताईने पेनाचं टोपण काढलं.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर बाबांनाही सांगितलेलं नाही. मी तेव्हाच बोलू शकले असते. पेन कागदाला टेकायच्या आधी. पण मी थांबले. तिने सही करेपर्यंत थांबले. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेवर दोन टिंबं. मग मी वर्गात करते तसा हात वर केला.

"थांबा. आकडा चुकलाय."

तिघांनीही वळून पाहिलं. काय सांगू, तो क्षण! मी एक पाऊल पुढे आले, पाठ ताठ. "पिंप नवीन आहे. दुसऱ्या डेपोचं. तक्ता जुन्या पेट्रोलचा. याचं लिटर सातशे चाळीस नाही, सातशे पंधरा ग्रॅम भरतं. म्हणजे तासाला सहा पूर्णांक एकाहत्तर लिटर. टाकी तीन तास पुरत नाही. दोन तास पावणेएकोणसाठ मिनिटं."

"पावणेएकोणसाठ?" पंपवाल्यांनी बिस्किटाचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मिनिटभरासाठी?"

"सव्वा मिनिट," मी म्हणाले. तेवढं मला राहवलं नाही.

आईने डबा उघडला, कापूस काढला, कॅनमधलं पेट्रोल भांड्यात घेतलं, कांडी सोडली. वाकून बघत राहिली. "सातशे पंधरा," ती म्हणाली. हळू. ओरडली नाही.

ताईचा चेहरा कागदासारखा पांढरा. "पिंप बदललं हे मला माहीत होतं, आत्या. संध्याकाळी मीच झाकण लावलं. मला सुचलंच नाही. मला वाटलं, पेट्रोल म्हणजे पेट्रोल."

"मलाही नाही सुचलं," आई म्हणाली. "तक्ता इतका सुबक होता की मी डोळे मिटून घेतले. चूक माझी." मग ती माझ्याकडे वळली. मी शाबासकीसाठी चेहरा तयार करत होते. "तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे?"

"तू दारात आलीस ना, तेव्हा."

शेडमध्ये गरम इंजिन टिकटिक करत निवत होतं.

"मी विचारलं, काही हवंय का."

"हो."

"तू म्हणालीस, काही नाही."

मी पायाने जमिनीवरचा खडा इकडून तिकडे केला.

"या काकांचा पंप मी पास करणार होते," आई म्हणाली. "खाली माझी सही पडली असती. तू नसतीस बोललीस तर?"

"पण मी बोलणारच होते! बोलले ना!"

"कधी बोललीस?"

तिने कागद उचलला. ताईची सही अजून ओली होती, आईच्या अंगठ्याला शाई लागली. तिने तो कागद मधोमध फाडला. आई कधी चिडून काही फाडत नाही, तिने तो अगदी सरळ फाडला, पट्टी लावल्यासारखा. "मोजणीच्या ओळीवर सही करायला भागाकार यावा लागत नाही, भिंगरे. भागाकार कॅल्क्युलेटर पण करतो. आकडा दिसला की तो पोटात ठेवता येऊ नये. एवढंच लागतं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं की मीच बरोबर आहे, ताई चुकली, मग मलाच का! पण पंपवाल्यांसमोर मला रडायचं नव्हतं.

पंपवाले बिचारे खाकरले. "मॅडम, मी एक बारीक भोकाचा जेट आणलाय गाडीत. कार्ब्युरेटरला तो लावून बघू का? थोडं कमी पिईल. दुपारी परत घ्याल चाचणी?"

"घेऊ," आई म्हणाली. "मोजणी हीच करेल." हात ताईच्या खांद्यावर. "चुकली तेव्हा 'मी चुकले' म्हणाली. मला तेवढं पुरतं."

जेवताना मी भाताचे ढीग करत बसले. बाबांनी विचारलं, "काय, आज भिंगरीची दोरी तुटली?" कोणीच हसलं नाही, म्हणून त्यांनी वरण वाढून घेतलं.

दुपारी परत शेड. मी जाणार नव्हते. पण इंजिन सुरू व्हायच्या आधीचा तो पान्ह्यांचा आवाज ऐकू आला आणि पाय आपोआप निघाले. दाराशीच उभी राहिले. ताईने भांड्यात कांडी सोडली आणि खडूने फळ्यावर लिहिलं, सातशे पंधरा. मग पंपवाले बारीक जेटचे स्क्रू आवळत बसले, त्यात वीस मिनिटं गेली, आणि कॅन तेवढा वेळ दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात. माझ्या पायाशीच. मी त्याला हात लावला. कोमट.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला माहितीये? की परत चुकणार. परत!

कॅन उन्हात तापला म्हणजे पेट्रोल फुगलं, म्हणजे लिटर आणखी हलकं. आणि या वेळी तर घासून जाणार होतं. आई बैठकीखाली पान्हा शोधत होती. ताईची पाठ माझ्याकडे. कोणाला काही कळलं नसतं.

मी पेट्रोल काढलं, कांडी सोडली, आणि ओरडले. "सातशे तेरा! कॅन तापलाय! सातशे तेरा!"

ताई दचकून वळली. माझ्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं, वाकून स्वतः आकडा वाचला. मी तिच्या जागी असते तर मीही वाचला असता. मग तिने फळ्यावरचं पाच पुसून तीन केलं. बैठकीखाली पान्हा खणकला. मग आईचा आवाज आला. "ऐकलं."

आकडा परत नाही म्हणाली. नुसतं ऐकलं.

दहा मिनिटांत सातशे नव्वद ग्रॅम. ताईने भागाकार तीनदा केला. तासाला सहा पूर्णांक पासष्ट लिटर. वीस लिटर पुरणार तीन तास आणि अर्धं मिनिट.

"अर्धं मिनिट?" पंपवाले.

"अर्धं," ताई म्हणाली. "पण वर."

पंपवाल्यांनी देवाचं नाव घेतलं आणि बिस्किटाचा पुडा एकदाचा फोडला. म्हणाले, अर्ध्या मिनिटाच्या भरवशावर बंब पाठवणार नाही, पुढच्या खेपेला टाकीच एकवीस लिटरची करतो. आई म्हणाली, "हे मी तुम्हाला सांगणारच होते." नवीन कागद आला. ताईने मोजणीच्या ओळीवर सही केली, आईने खाली तपासणीच्या. मी दोन्हीकडे टक लावून पाहिलं. अंगात कुठेतरी अजून चटके बसत होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं, एकदा खरं ओरडलं की जळणं थांबेल. नाही थांबत. आकडा ओरडून टाकता येतो, हे नाही.

संध्याकाळी खोलीत ताई तिच्या बाजूला बसून नखांतला खडू काढत होती.

"सही घाण आली तुझी," मी म्हणाले.

"माहितीये. बोटांना खडू होता."

"माझी चांगली आली असती."

"असेल." तिने वर पाहिलं. "मला एक सांग. सकाळी पहिल्या वेळी तू माझी सही होईपर्यंत का थांबलीस? आत्याच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. माझ्या आलंय. तू पेनाकडे बघत होतीस."

मला वाटलं, म्हणावं नाही, तसं काही नाही. म्हणावं, मी हिशोब जुळवत होते.

"मला तुझं नाव चुकीच्या आकड्याखाली बघायचं होतं," मी म्हणाले.

तिने बोटांवरचा खडू झटकला. खिडकीबाहेर बाबा सायकलच्या चाकात हवा भरत होते, पंपाचा फुसफुस आवाज येत होता.

"मग? बघितलंस ना. कसं वाटलं?"

"दोन मिनिटं एकदम भारी."

"आणि मग?"

"मग आईने विचारलं, कधी कळलं."

ताई हसली नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही. ती उठली, कपाटाशी गेली, आणि वरच्या दोन कप्प्यांपैकी एकातले आपले कपडे काढून पलंगावर ठेवायला लागली, एकेक घडी.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"एक कप्पा तुला परत देतेय. मी आले त्या दिवसापासून तू त्याकडे बघतेस, मला कळत नाही असं वाटतं का? पण आजच्याबद्दल मी चिडलेली आहे, हे सांगून ठेवते. दोन-तीन दिवस तरी राहीन चिडलेली."

"चालेल," मी म्हणाले.

"तुला चालेल म्हणून नाही राहणार मी."

"बरं," मी म्हणाले, आणि तिच्या कपड्यांच्या घड्या खालच्या कप्प्यात लावायला लागले.